लाकडी गावात आईचा दिवा

आई शारजाला आमच्याकडे कायमची राहायला आली, तेव्हापासून परक्या माणसांशी तिचं जे बोलणं होतं ते माझ्या तोंडून होतं. रोल्लाच्या बाजारात भाजी घ्यायला, खालच्या किराणावाल्याशी हुज्जत घालायला तिचं हिंदी पुरतं. पण दवाखान्यात, व्हिसाच्या कामाला, विमानतळावर सगळे इंग्रजीत बोलतात. त्यांचं बोलणं चालू असताना आई त्यांच्याकडे बघत नाही, माझ्याकडे बघते. मी जे सांगेन तेच तिच्यासाठी त्या माणसाचं म्हणणं. मी वाढवून सांगतोय की गाळून, हे तपासायला तिच्याकडे काही मार्ग नाही आणि तिला तशी शंकाही कधी आली नव्हती.

या विश्वासाचं मी गेल्या उन्हाळ्यात काय केलं, ते लिहायला बसलो आहे. लिहून हलकं वाटेल अशी आशा नाही. पण बायको म्हणते की मी घरात तोंड पाडून फिरतो, त्यापेक्षा लिहून तरी काढ.

जुलै लागला की आमची अर्धी इमारत रिकामी होते. ज्यांना जमतं ते गावी जातात, बाकीचे जॉर्जिया नाहीतर अझरबैजान. आम्ही नॉर्वेला गेलो, कारण बायकोने एका मैत्रिणीच्या फोटोंत रोरोस नावाचं गाव बघितलं होतं. डोंगरपठारावर, तांब्याच्या खाणीपायी वसलेलं. खाण केव्हाच बंद झाली, घरं मात्र जशीच्या तशी राहिली. सगळी लाकडाची, एकमेकांना खेटून उभी, काही छपरांवर चक्क गवत. बायको म्हणाली, “काचेच्या टॉवरांचा वीट आला. जरा लाकडात राहू.”

“आईंना झेपेल का पण?” हेही तिनेच विचारलं.

“तिथे थंडी असते ना?” आई आतून म्हणाली. “मग मी येते. इथे ए.सी.त गारठायचं आणि बाहेर भाजायचं, त्यापेक्षा ते बरं.”

माझं काम काय, ते इथे सांगायला हवं. दुबई मरीनातल्या एका टॉवरची देखभाल बघणाऱ्या कंपनीत मी मॅनेजर आहे. लिफ्ट, पाणी, ए.सी. आणि आगीपासूनची सुरक्षा. भाडेकरूंनी स्वयंपाकघरातला स्मोक डिटेक्टर झाकला, तर त्यांना जी नोटीस जाते तिच्यावर सही माझी असते. आणि झाकतात पुष्कळ जण. आपल्या लोकांची तर ती रीतच झाली आहे. फोडणीत लाल मिरची पडली की डिटेक्टर बोंबलतो, वॉचमन वर येतो, शेजारी दार उघडून बघतात. म्हणून हॉटेलात मिळणारी प्लॅस्टिकची शॉवर कॅप जपून आणायची आणि डिटेक्टरला घालायची. इलॅस्टिक असल्यामुळे ती घट्ट बसते. मरीनात मी त्यासाठी नोटिसा काढतो आणि शारजातल्या माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात डिटेक्टर वर्षानुवर्षं टोपी घालून बसलेला होता. या दोन गोष्टी मी कधी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

घराचं बुकिंग केलं तेव्हाच मालकिणीचा मेसेज आला होता की उघडी ज्योत चालणार नाही. मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, काही नाही. मी आईला बसवून समजावलं. आई रोज संध्याकाळी निरांजन लावते. शारजात तिची वेळ ठरलेली आहे: इमारतीमागच्या मशिदीतून मगरिबची अजान झाली की ती उठते, हातपाय धुते आणि दिवा लावते. कधी कामात असली तर नातीला विचारते, “अजान झाली का गं?” मी तिला म्हटलं, तिथे दिवा लावायचा नाही. सगळं गाव लाकडाचं आहे.

“मग नाही लावणार,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या घरी दुसऱ्याची रीत.”

मी रोल्लातून तिला सेलवर चालणारा दिवा आणून दिला. प्लॅस्टिकची पणती आणि वर लुकलुकणारा पिवळा बल्ब. आईने तो उलटसुलट करून बघितला. “हा देवाला चालेल की नाही माहीत नाही, पण चोराला नक्की चालेल,” ती म्हणाली, तरी बॅगेत ठेवला. बरोबर निरांजनही घेतलं. लावणार नाही, नुसतं जवळ असू दे म्हणाली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरहून आलेलं पितळी निरांजन ते. आम्ही जिथे जिथे बिऱ्हाड केलं, तिथे तिथे सगळ्यात आधी तेच बाहेर निघत असे.

ऑस्लोहून आगगाडीने रोरोसला पोचलो तेव्हा आईने स्वेटर, शाल, कानटोपी आणि माझे मोजे असं सगळं चढवलेलं होतं. घरमालकीण स्टेशनवर न्यायला आली होती. आईच्याच वयाची, ताठ, आखूड पांढऱ्या केसांची बाई. पूर्वी शाळेत शिकवायची. घर तिच्या आजोबांचं, जाड ओंडके एकावर एक रचलेलं. दारं इतकी ठेंगणी की मला प्रत्येक खोलीत मान वाकवून जावं लागे. आत डांबराचा आणि जुन्या लाकडाचा वास. अंगणापलीकडच्या छोट्या घरात ती स्वतः राहायची.

तिने आम्हाला आधी बेडरूम दाखवल्या नाहीत. आधी आग विझवायचा पाण्याचा नळ, मग अग्निशामक नळकांडं, मग वरच्या मजल्यावरून उतरायची दोरीची शिडी, मग प्रत्येक खोलीतला डिटेक्टर. हे सगळे डिटेक्टर फायर स्टेशनला जोडलेले आहेत, ती म्हणाली, त्यांना हात लावू नका. गाव पूर्वी एकदा शत्रूच्या सैन्याने जाळून टाकलं होतं. एक घर पेटलं की शेजारचं पेटणारच, मध्ये जागाच नाही. “आम्ही सगळे एकाच लाकडात झोपतो,” असं काहीसं ती म्हणाली. मी मान डोलावली. ‘मी याच क्षेत्रात आहे’ असंही सांगितलं. तिला बरं वाटलेलं दिसलं.

पहिल्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून राहिली. संध्याकाळ व्हायचं नावच घेईना. बाहेर लख्ख ऊन, समोरच्या लाल भिंतीवर, पलीकडे तांबं गाळून उरलेल्या मळीच्या काळ्या ढिगाऱ्यांवर.

“इथे दिवेलागण कधी होते रे?”

“झोपायच्या वेळेला.”

“मग देवाने काय जागत बसायचं?” तिने नातीला हाक मारली. “शारजाला अजान झाली असेल का गं आता?”

मुलीने फोनवर बघितलं. “ऑलरेडी झाली आजी. लाँग बॅक.”

मग आईने खिडकीच्या फळीवर रुमाल पसरला, त्यावर निरांजन ठेवलं, सवयीने त्यात कोरडी फुलवातही ठेवली आणि शेजारी सेलचा दिवा लावला. हात जोडले. काडेपेटी तिने आणलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आई पाव, चीज आणि उकडलेल्या बटाट्यांवर होती. तक्रार नव्हती, पण ताटात अन्न उरत होतं. बायको म्हणाली, पिठलं-भात करते. इलेक्ट्रिक शेगडी होती, डाळीचं पीठ आणि मिरच्या बॅगेत होत्या. आणि बॅगेत, मसाल्याच्या डब्यांना झाकण म्हणून, शॉवर कॅपही होत्या.

खुर्चीवर चढलो ते मीच. कोणी सांगितलं नव्हतं. बायको कांदा चिरत होती, तिने वर बघितलं आणि नुसतं “अरे” म्हटलं. मी म्हटलं, फोडणीपुरतं. डिटेक्टरवर कॅप ओढली, इलॅस्टिक सारखं केलं आणि खाली उतरलो. माझा हात तेव्हा जराही अडखळला नाही, हे मला आठवतं. ज्या हाताने मी नोटिसांवर सही करतो तोच हात. फोडणी झाली, मिरचीची खाट उठली, आम्ही शिंकलो, हसलो, आई दोनदा भात घेऊन जेवली. जेवण झाल्यावर कॅप काढायला उठणार होतो. मग वाटलं, उद्या परत स्वयंपाक आहेच, रोज कोण चढ-उतर करणार. ती तशीच ठेवली. रात्री त्या घरात माझी आई, बायको आणि मुलगी झोपली, आणि स्वयंपाकघरातल्या डिटेक्टरचं तोंड मी बांधून ठेवलेलं होतं.

सकाळी बायको बेकरीत गेली होती. मालकीण आईसाठी गरम वॉफल घेऊन आली. दोघींची आदल्या दिवसापासून गट्टी जमली होती. भाषा नव्हती, पण मालकीण विणकाम दाखवायची आणि आई सुया हातात घेऊन आपली पद्धत दाखवायची. बाईने बशी टेबलावर ठेवली, काहीतरी हसून म्हणायला मान वर केली आणि थांबली.

ती छताकडे बघत होती. मग तिची नजर खिडकीच्या फळीवर गेली. निरांजन, त्यातली वात. सेलचा दिवा दिवसा बंद असतो, तो नुसता प्लॅस्टिकचा तुकडा दिसत होता.

“तुमच्या आईने इथे दिवा लावला का?” तिने मला विचारलं. आवाज चढलेला नव्हता. उलट खाली आला होता.

इथे माझ्याकडे वेळ होता. घाबरून तोंडातून निघून गेलं असं म्हणायची सोय नाही. ‘नाही, कॅप मी लावली’ एवढंच म्हणायचं होतं. पण परवाच मी या बाईला सांगितलं होतं की मी याच क्षेत्रात आहे. तिच्या निळ्या डोळ्यांपुढे मला ते वाक्य उभं राहिलेलं दिसलं. मी म्हणालो, “ती म्हातारी आहे. तिची आयुष्यभराची सवय आहे.”

दोन्ही वाक्यं खरी होती. म्हणूनच मला ती सुचली असणार.

बाईचा चेहरा एकदम मऊ झाला. ती आईजवळ बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि लहान मुलाला सांगावं तसं सावकाश बोलू लागली. मला समजतं, माझी आईही फार देवभक्त होती, पण इथे आग म्हणजे सगळ्यांचं मरण. आई हसून मान डोलावत होती. मग तिने सवयीप्रमाणे माझ्याकडे बघितलं.

“काय म्हणतात रे?”

“म्हणतात, दिवा फार सुंदर आहे.”

आईचं तोंड फुललं. बाईने विचारलं, तुम्ही जाईपर्यंत हा मी माझ्याकडे ठेवला तर चालेल का? मी आईला सांगितलं, “त्यांना नीट बघायचाय. थोडे दिवस नेतात म्हणतात.”

“नेऊ दे की.” आईने वात काढली, शालीच्या टोकाने निरांजन पुसलं आणि दोन्ही हातांनी तिच्या हातात दिलं. “काळं पडलं तर चिंचेने घासायचं, सांग त्यांना. चिंच मिळते का इथे?”

बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणालो, “ती तुमची माफी मागते आहे.”

बाईने आईच्या खांद्यावर थोपटलं. मग स्वतः खुर्चीवर चढली, त्या वयात, कॅप काढली आणि घडी करून खिशात घातली. मी खुर्ची धरून उभा होतो.

ती गेल्यावर मला जिन्यावर मुलगी दिसली. पंधरा वर्षांची आहे. मराठी मोडकं बोलते, पण तिला समजतं सगळं, आणि इंग्रजी तर माझ्याहून चांगलं समजतं.

“बाबा,” ती म्हणाली, “आजी डिडन्ट से दॅट.”

“नंतर बोलू.”

“आजीने दिवा लावलाच नाही. यू नो दॅट.”

“नंतर म्हटलं ना.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि वर निघून गेली. मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बायकोला मी सांगितलं. ती पावाची पिशवी हातात धरून ऐकत राहिली. “आता खरं सांगितलंस तर आईंना वाईट वाटेल,” ती शेवटी म्हणाली. “आणि ती बाई आपल्याला बाहेर काढेल.” मला नेमकं हेच ऐकायचं होतं, आणि म्हणूनच मी तिला सांगितलं होतं.

नंतरचे दिवस आम्ही गाव बघितलं. खरोखर सुंदर गाव आहे. चुन्याने रंगवलेलं दगडी चर्च सोडलं तर जिथे बघावं तिथे लाकूड, काही घरं उन्हापावसाने काळपट झालेली, काही पिवळी, हिरवी, गेरूसारखी लाल. खिडक्यांत कुंड्या आणि कोरीव पक्षी. अंगणांची फाटकं इतकी रुंद की पूर्वी घोडागाडी आत जायची. बायको फोटो काढत होती आणि मी भिंती बघत होतो. माझ्या कामामुळे मला आग कशी जाते ते माहीत आहे. एका भिंतीवरून दुसऱ्या छपरावर जायला तिला किती थोडा वेळ लागला असता, हे मी प्रत्येक गल्लीत मनात मोजत होतो. एवढ्या पिढ्यांनी रोज सांभाळलेली गोष्ट मी भाताच्या दोन घासांसाठी सोडून दिली होती, असं म्हणायचो. मग लक्षात यायचं की यातही मी घास आईचे मोजतोय.

मालकीण आता आईला जास्तच जपायची. फिरायला न्यायची, उंबऱ्याशी हात द्यायची. पण संध्याकाळी एकदा येऊन खिडकीतून आत डोकावूनही जायची. गल्लीतल्या एका शेजाऱ्याने आईकडे बघून तिला काहीतरी विचारलं, ती हळू आवाजात काहीतरी बोलली आणि त्याने समजुतीने मान हलवली. नॉर्वेजियन मला येत नाही. तरी काय बोलणं झालं ते मला कळलं.

“किती अगत्याची माणसं आहेत रे,” आई म्हणाली. “सगळे माझ्याकडे बघून हसतात.”

निघायच्या दिवशी मालकिणीने निरांजन आणून दिलं, पांढऱ्या कापडात गुंडाळून. आईने ते हातात घेतलं आणि परत तिच्याकडे केलं.

“सांग त्यांना, राहू दे तुमच्याकडेच.”

“अगं आई, नको. तुझ्या माहेरचं आहे ते.”

“म्हणून तर. त्यांनी एवढ्या आवडीने नेलं, रोज माझी विचारपूस केली. आता परत घेतलं तर माझा जीव त्यात अडकलाय असं वाटेल त्यांना. लावू दे की त्यांना संध्याकाळी. माझ्याकडे दुसरं आहे.”

मी म्हणालो, “तिला हे तुम्हाला द्यायचं आहे.” इतक्या दिवसांत तिच्या बोलण्याचं मी केलेलं हे एवढं एकच भाषांतर खरं होतं, आणि तेही खोट्याच्या कामी आलं. बाईचे डोळे भरले. तिने आईला मिठी मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “तिला सांगा, मला भरपाई करून द्यायची काही गरज नव्हती. मी केव्हाच माफ केलंय.”

“काय म्हणतात?”

“आभार मानतात.”

मुलगी बॅगेच्या हँडलला धरून शेजारी उभी होती. ती सरळ रस्त्याकडे बघत होती.

शारजाला परत आल्यावर मी पहिल्याच दिवशी आमच्या स्वयंपाकघरातली कॅप काढून टाकली. त्याने काही सुटलं नाही. मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलायची. आई अजान झाली की साध्या पणतीत वात लावायची आणि रोज काहीतरी म्हणायची. आता तिकडे लावला असेल का त्या बाईने? तूप मिळतं का तिकडे? की लोणीच घालत असेल? ज्या घरात काडी ओढायलाही बंदी, त्या घरात आई रोज संध्याकाळी मनाने एक ज्योत लावत होती. मी ऐकायचो आणि ए.सी.चा रिमोट शोधायचो.

मग एका शुक्रवारी ती म्हणाली, “त्यांना व्हिडिओ फोन लाव ना. कुठे ठेवलंय ते बघू.”

“आज नको. तिकडे वेळ वेगळी असते.”

“दोनच तासांचा तर फरक. तूच सांगितलं होतंस.”

पुढच्या शुक्रवारी मी मीटिंग सांगितली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी दुपारी मी खोलीतून बाहेर आलो, तर आई सोफ्यावर बसलेली. जांभळी साडी नेसलेली, केस नीट विंचरलेले, चष्मा पुसून हातात धरलेला. तयार होऊन बसली होती. मुलगी तिच्या शेजारी. फोन तिच्या मांडीवर होता, आणि मी आणखी एक कारण दिलं असतं तर तिने स्वतः लावला असता, एवढं मला कळलं.

मी आईच्या समोर खुर्ची ओढून बसलो आणि सांगितलं. कॅप कोणी लावली ते. बाईने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते. चिंचेचं बोलली तेव्हा मी तिच्या वतीने माफी मागितली होती ते. निरांजन का नेलं होतं आणि परत देताना बाई काय समजली ते. पिठलं तुझ्यासाठीच केलं होतं, असंही एक वाक्य मध्ये आलं. ते मला गिळून टाकायला हवं होतं.

आई बराच वेळ चष्म्याच्या काड्या उघडत आणि मिटत राहिली.

“म्हणजे त्या एवढं हात धरून जे बोलत होत्या,” ती म्हणाली, “ते मला रागावत होत्या?”

“रागावत नव्हत्या. समजावत होत्या.”

“मी हसत होते रे. त्या मला समजावत होत्या आणि मी त्यांच्या तोंडावर हसत होते.”



“आणि ते शेजारचे? ते हसायचे ते?”

“त्यांनाही माहीत असावं.”

“मी एकदाही लावला नाही,” आई म्हणाली. “काडेपेटीसुद्धा नेली नव्हती. त्यांचा शब्द होता म्हणून नेली नव्हती.” तिने चष्मा घातला. “फोन लाव.”

मी फोनला हात पुढे केला.

“तू नको. तिला बोलू दे.”

मुलीने फोन लावला. बाई पडद्यावर आली, मागे ओंडक्यांची भिंत. आनंदली, हात हलवला. आई म्हणाली, “सांग त्यांना, मी दिवा लावला नव्हता. टोपी माझ्या मुलाने लावली आणि तो माझ्या नावावर खोटं बोलला. मला हे आज कळलं.” मुलीने ते इंग्रजीत सांगितलं. माझ्याकडे न बघता, एकही शब्द न गाळता. बाईने विचारलं, डिटेक्टरवर? तो? ‘येस,’ मुलगी म्हणाली, ‘माय फादर.’ मी पडद्याच्या बाहेर बसलो होतो. पुढे सरकून तोंड दाखवलं आणि माफी मागितली. बाईने मान हलवली, माझ्यावर नजर फार वेळ ठेवली नाही आणि पुन्हा आईशी बोलू लागली.

मुलीला शब्द सापडत नव्हते. “आजी, त्या म्हणतात... त्या सॉरी आहेत. पण छोटं सॉरी नाही, मोठं. त्या म्हणतात त्यांनी तुला, म्हणजे, बेबीसारखं ट्रीट केलं. आणि नेबर्सना सांगितलं. आता त्या जाऊन सगळ्यांना खरं सांगतील. तुला चालेल का, विचारतात.”

मला वाटलं आई म्हणेल, जाऊ दे, कशाला. ती तसंच म्हणते नेहमी.

“चालेल,” आई म्हणाली. “सांगायलाच हवं. म्हणावं, निरांजन ठेवा. पण आता कशासाठी दिलंय ते कळून ठेवा.”

त्या दोघी आणखी थोडा वेळ बोलल्या. चिंचेचं निघालं, विणकामाचं निघालं. मुलगी अडखळत, उलटसुलट वाक्यं करत सांगत होती आणि आई तिच्याकडे बघून ऐकत होती. मध्येच हसलीही. फोन ठेवल्यावर ती साडी बदलायला आत गेली.  त्या रात्री तिने मला नेहमीसारखं वाढलं आणि भात अजून घे म्हणाली. तिचं हे वाढणं मला सहन होत नव्हतं. रागावून बोलली असती तर मी निदान ऐकून घेतलं असतं.

मागच्या आठवड्यात तिची दवाखान्याची तारीख होती. शाळेला सुट्टी असल्यामुळे मुलगीही बरोबर होती. नर्सने नाव पुकारलं तसा मी नेहमीप्रमाणे उठलो. आईने नातीला हाक मारली. “तू चल गं आत. तू बस रे इथेच, तुझे फोन येत असतील.” आवाजात काही नव्हतं. खरंच माझे फोन येत असतात.

त्या आत गेल्या आणि दार लागलं. मी बाहेरच्या खुर्चीत बसलो. एकही फोन आला नाही. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या, मुलीच्या हातात औषधांचा कागद. मी विचारलं, “काय म्हणाले डॉक्टर?”

मुलीने तोंड उघडलं, मग थांबली आणि आजीकडे बघितलं. “सांगू?”

आईने क्षणभर विचार केला. मग हो म्हणून मान हलवली, आणि मुलीने सांगितलं तेवढं मला कळलं.